मिश्र स्तनपान

मिश्र स्तनपान : अंगावरचे दूध आणि वरचे दूध ही दोन्ही बाळाला पाजण्याची पद्धत. वरचे दूध म्हणजे आज शहरांत बहुधा डब्यातील पावडरीचे (फॉर्म्युला) दूध. पूर्वी आणि खेड्यांत अजूनही गायीचे, म्हशीचे किंवा शेळीचे. संज्ञा पहिल्या सहा महिन्यांपुरतीच वापरतात. त्यानंतर सुरू होणारा वरण-भात, नाचणीची खीर हा पूरक आहार होय. त्याचा येथे विचार केलेला नाही.

लॅबॉक आणि क्रासोव्हेक या संशोधकांनी १९९० मध्ये अंशतः स्तनपानाचे तीन स्तर सुचवले : ८० टक्क्यांहून अधिक दूध आईचे असल्यास उच्च, २० ते ८० टक्के असल्यास मध्यम आणि २० टक्क्यांहून कमी असल्यास निम्न. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२१ च्या निर्देशकांत मात्र आदल्या दिवशी दोन्ही दुधे मिळालेले प्रत्येक बाळ एकाच गटात येते. पाहणीला हे सोयीचे असले, तरी रात्री एकदाच बोंडल्याने (चोचीच्या छोट्या भांड्याने) पाजलेले बाळ आणि निम्म्या वेळा बाटली घेणारे बाळ यांत त्यामुळे फरक उरत नाही. परिणामांचा अभ्यास करताना जुनी विभागणीच अधिक उपयोगी वाटते.

या पद्धतीचा प्राचीन उल्लेख सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात, मिळतो. आईचे दूध पुरेसे होईपर्यंत शेळीचे किंवा गायीचे दूध बेताने द्यावे, असे तेथे सांगितले आहे. संहितेवर दीर्घकाळ संस्कार होत गेल्याने या वचनाचा काळ ठरवणे अवघड आहे. बहुधा इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या आसपासच्या अष्टांगहृदयात मात्र स्तन्याच्या अभावी ही दुधे सांगितली आहेत. पहिल्या ग्रंथातील वचनही संपूर्ण पर्यायाविषयीच आहे, असे म्हणता येईल. पण मात्रा पाहून देण्याचा आणि दूध पुरेसे होईपर्यंतच्या मुदतीचा निर्देश ध्यानात घेता ते तात्पुरत्या पुरवणीचे विधान मानणे अधिक सयुक्तिक दिसते. पावडरीच्या दुधाचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे : जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचे शिशुअन्न १८६० च्या दशकातले, तर आन्री नेस्ले यांचे दूधपिठाचे मिश्रण १८६७ च्या सुमाराचे.

स्तन जितका रिकामा होतो तितके दूध तयार होते, हा या विषयाचा गाभा आहे. प्रसूतीनंतर साधारण ३० ते ७२ तासांत पान्हा वाढतो. त्यापूर्वी येणारा चीक थोडा असला, तरी नवजाताला बहुधा पुरतो. पुढे दूध साचून राहिले की निर्मिती मंदावते. यामागे दुधातीलच एक रोधक प्रथिन असावे, हा विचार प्रामुख्याने शेळ्यांवरील प्रयोगांतून पुढे आला. स्त्रियांच्या बाबतीत त्याचा पुरावा तोकडा आहे. साचलेल्या दुधाचा दाबही कारणीभूत असू शकतो. यंत्रणा कोणतीही असो, व्यवहारातला परिणाम एकच : वरचे दूध पाजले त्या वेळी आईने दूध काढले नाही, तर पुढच्या वेळी दूध आणखी कमी पडते आणि पुन्हा डबा उघडावा लागतो.

पहिल्या दिवसांतील पुरवणीबाबत मतभेद आहेत. वजन घटलेल्या ४० नवजातांवरील २०१३ च्या एका प्रयोगात दर स्तनपानानंतर सिरिंजने १० मिलिलिटर फॉर्म्युला दिल्यावर तीन महिन्यांनी स्तनपान टिकण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. त्याच संशोधकगटाच्या पुढील, १६४ बाळांच्या प्रयोगात महिनाभरानंतर फरक आढळला नाही, आणि वर्षाच्या अखेरीस पुरवणी घेतलेल्या गटात स्तनपान उलट कमी होते. त्यामुळे पुरवणी सरसकट न देता वैद्यकीय कारण पाहून देण्याचा जुना सल्ला अधिक सुरक्षित ठरतो. बाटलीच्या बोंडीमुळे बाळ स्तन नाकारते, या समजुतीचे पुरावे संमिश्र आहेत. स्तनपानाला साहाय्य करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी रुग्णालयांना घालून दिलेल्या ‘दहा पायऱ्या’ २०१८ मध्ये सुधारताना बोंडीवरील मनाईऐवजी तिच्या धोक्यांविषयी समुपदेशन आले.

एचआयव्हीबाधित मातांबाबत १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथील निरीक्षणांत निव्वळ स्तनपानापेक्षा मिश्र आहारात संक्रमण अधिक आढळले. इतर अन्नाने आतड्याच्या अस्तराला इजा होत असावी, हे त्यामागचे अनुमान होते. एचआयव्हीवरील औषधोपचार रुळल्यावर, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार, मिश्र आहार हे स्तनपान थांबवण्याचे कारण राहिले नाही.

पावडर निर्जंतुक नसते. म्हणून पाणी उकळून ते किमान ७० अंश सेल्सिअस असतानाच तीत मिसळावे, मग दूध निववून पाजावे, आणि उरलेले दोन तासांनंतर वापरू नये, अशी शिफारस आहे. डब्यातला चमचा सपाट भरावा व पाणी आधी मोजावे. पातळ केलेले दूध बाळाला उपाशी ठेवते. बोंडले किंवा वाटी-चमचा धुणे बाटलीपेक्षा सोपे.

भारतात दूधपर्यायांच्या जाहिराती व फुकट नमुने १९९२ च्या कायद्याने निषिद्ध आहेत. २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सहा महिन्यांखालील बाळांत निव्वळ स्तनपान २०१५-१६ मध्ये ५४.९ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ६३.७ टक्के झाले. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. तिच्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना डब्याऐवजी दुसऱ्या मातांच्या दुधाची पुरवणी देता येऊ लागली.