प्रलयानंतरची गोष्ट, पण कोणत्या प्रलयानंतरची?

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला ऑन्टॅरिओ प्रांत एकाएकी अंधारात गेला. सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. वॉबगेशिग राइस हा अनिशिनाबे (उत्तर अमेरिकेतला एक मूळ रहिवासी समाज) पत्रकार तेव्हा ह्यूरॉन सरोवराकाठच्या आपल्या राखीव वस्तीवर होता. ही वीज परत आलीच नाही तर? २०१८ मध्ये या प्रश्नाची कादंबरी झाली, ‘मून ऑफ द क्रस्टेड स्नो’. उत्तरेकडची वस्ती, तोंडावर आलेला हिवाळा, मुके झालेले फोन आणि दक्षिणेकडून आलेला एक गोरा पाहुणा.

आदल्याच वर्षी शेरी डिमालिन या मेटी (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशातून घडलेला कॅनडातला समाज) लेखिकेची ‘द मॅरो थीव्ह्ज’ ही कादंबरी आली होती. ती अधिक कडवट. मूळ रहिवासी सोडून बाकीच्यांना स्वप्नं पडेनाशी होतात आणि स्वप्नं जिच्यात वसतात त्या अस्थिमज्जेसाठी मूळ रहिवाशांची शिकार सुरू होते. पकडलेल्यांना डांबतात त्या जागांचं नाव ‘शाळा’. कॅनडातल्या वाचकाला एवढं पुरतं. मूळ रहिवाशांची दीड लाखांवर मुलं ज्या निवासी शाळांत कोंबली गेली, त्यांतली शेवटची १९९०च्या दशकात बंद झाली. ‘सांस्कृतिक वंशसंहार’ हा शब्द या शाळांच्या चौकशी आयोगाच्या अहवालात यायला २०१५ उजाडलं.

या कादंबऱ्यांना आपण ‘प्रलयोत्तर’ म्हणतो, आणि घोळ तिथेच आहे. अपोकॅलिप्स म्हणजे ग्रीकमध्ये पडदा दूर होणं. बायबलमुळे त्याला जगाच्या शेवटाचा अर्थ चिकटला. आपल्या प्रलयानंतर मात्र पुन्हा सृष्टी असते. अनिशिनाबे कथेतही महापुरानंतर मस्करॅट हा छोटा पाणप्राणी तळातून चिमूटभर माती आणतो आणि कासवाच्या पाठीवर नवी भूमी उभी राहते. इथवर शब्द चपखल बसतो. पण प्रलय कुणी करत नाही, तो होतो. १८३७ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी नदीतून व्यापाऱ्यांच्या आगबोटीबरोबर देवीची साथ आली आणि काठावरच्या दीड-दोन हजार मँडन लोकांतले जेमतेम सव्वाशे-दीडशे उरले. पुढे जमिनी गेल्या, मुलं गेली. पाहा, मीही ‘गेल्या’च लिहिलं, नेणारा वाक्यातून पसार. ‘लुटीनंतरची गोष्ट’ हे नाव मला जास्त खरं वाटतं, फक्त त्या नावाने ही पुस्तकं कुणी शोधणार नाही.

‘मूलनिवासी’ शब्द मुद्दाम टाळला आहे. महाराष्ट्रात त्याला वेगळंच राजकारण चिकटलेलं आहे.

पहिल्या कादंबरीचा पुढचा भाग २०२३ मध्ये आला. अंधार होऊन बारा वर्षं लोटली आहेत. वस्तीतले काही जण दक्षिणेकडे चालत निघालेत, पूर्वजांना जिथून हुसकावलं होतं त्या सरोवराकडे.