डॅन्यूब सायकलमार्ग (पासाउ ते व्हिएन्ना)

जर्मनीतील पासाउ शहरापासून ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने जाणारा सायकलमार्ग. लांबी सुमारे 320 किमी. जर्मन भाषेत त्याला ‘डोनाउराडवेग’ म्हणतात. अटलांटिकच्या किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत गेलेल्या ‘युरोव्हेलो 6’ या चार हजार किमी.हून लांब मार्गाचा हा एक तुकडा. बरीचशी वाट मोटारींना बंद आहे. ‘बरीचशी’ हा शब्द इथे जपून वापरला आहे. जाहिरातींत सगळाच मार्ग वाहनमुक्त असल्यासारखे वर्णन असते. प्रत्यक्षात गावांतले रस्ते, मळ्यांतल्या ट्रॅक्टरच्या वाटा आणि मधूनमधून मोठ्या रस्त्याची कडही वाट्याला येते. वाट दोन्ही काठांना आहे. कुठे कोणता काठ धरायचा हे ज्याला कळले, त्याला मोटारींचा आवाज फारसा ऐकावा लागत नाही.

ही वाट मुळात सायकलींसाठी नव्हतीच. वाफेची जहाजे येण्यापूर्वी प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या मालवाहू नावा घोड्यांकडून ओढून नेत. जाड दोरखंडाला जुंपलेले तीस-चाळीस घोडे, त्यांच्यावर स्वार, मागे नावांची रांग, असा तो तांडा दिवसाला जेमतेम काही कोस सरके. घोड्यांच्या पायांनी तुडवलेल्या या वाटेला ‘ट्रेपेलवेग’ म्हणत. जिथे कडा थेट पाण्यात उतरे तिथे वाट संपे. मग घोडे नावेत चढवून पलीकडच्या काठाला उतरवावे लागत. 1830 मध्ये व्हिएन्ना आणि बुडापेस्ट यांच्यामध्ये पहिली आगबोट धावली, पुढे लोहमार्गही आले आणि घोड्यांचे काम संपले. नदीच्या देखभालीसाठी वाट मात्र राखली गेली. 1980 च्या दशकात तिच्यावर सायकली आल्या. काठ बदलण्याची कटकट घोड्यांकडून त्यांना वारशाने मिळाली.

पासाउ ते व्हिएन्ना या अंतरात नदी सव्वाशे-दीडशे मीटर खाली येते, म्हणजे किलोमीटरमागे अर्धा मीटरही नाही. हा उतार पायांना जाणवत नाही. जाणवतो तो वारा, आणि तो बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीवर येतो. त्यामुळे जवळजवळ सगळे पासाउहूनच निघतात. समोरून येणारा सायकलस्वार एक तर स्थानिक असतो, नाहीतर हट्टी. रोज 40 ते 60 किमी. चालवून सात-आठ दिवसांत मार्ग पुरा होतो. साध्या गिअरच्या सायकलीवर, कॅरिअरला दोन पिशव्या अडकवून, सत्तरीतली जोडपी हा प्रवास करताना दिसतात. सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या प्रवासी कंपन्याही आहेत.

पासाउला तीन नद्यांचा संगम आहे. दलदलीतून येणारी इल्झ काळपट, आल्प्समधून येणारी इन फिकट हिरवट. दोघी डॅन्यूबला मिळतात आणि तिन्ही पाणी काही अंतर आपापला रंग सांभाळून वाहते. पुढे श्लोगेन येथे नदी जवळजवळ उलटी वळते. या वळणावर डाव्या काठाने जाणाऱ्यांना वाटच नाही. आउ ते ग्राफेनाउ एवढे अंतर एक छोटी नाव त्यांना नदी न ओलांडता काठाकाठानेच नेते. लिंझ शहर चटकन मागे टाकतात. त्यानंतर माउटहाउजेन लागते. तिथे 1938 ते 1945 या काळात नाझींची छळछावणी होती. कैद्यांनी ग्रॅनाइटचे दगड पाठीवर घेऊन चढलेल्या खाणीतल्या 186 पायऱ्या आजही तिथे आहेत. छावणी टेकडीवर आहे, सायकलमार्ग खालून जातो. पुष्कळजण चढाचे कारण सांगून पुढे निघतात. ग्राइनजवळचे भोवरे एके काळी नाविकांचा थरकाप उडवत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तिथले खडक सुरुंग लावून फोडले. इब्स-पर्सेनबॉइग येथे जलविद्युत केंद्र (1959) आहे आणि त्याच्या बांधावरून सायकलीने पलीकडे जाता येते.

मेल्कपासून क्रेम्सपर्यंतचे सुमारे 36 किमी.चे खोरे म्हणजे वाखाउ. मार्गाची कीर्ती मुख्यतः याच खोऱ्यामुळे आहे. मेल्कच्या खडकावर बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ आहे; मठवासी तिथे 1089 पासून आहेत, आजची पिवळी बरोक इमारत मात्र अठराव्या शतकातली. 2000 साली युनेस्कोने हे खोरे सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारशात घेतले.

द्राक्षबाग म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे नाशिक-सांगलीकडचा मांडव आणि त्याखालची गार सावली येते. वाखाउत तसे काही नाही. डोंगराच्या उभ्या उतारावर दगडी बांध घालून पायऱ्या-पायऱ्यांची शेते केली आहेत आणि वेली तारांवर कंबर-छातीइतक्या उंचीच्या रांगांत उभ्या आहेत. बांधांना चुना-सिमेंट नाही, दगडावर दगड बसवला आहे. पावसाचे पाणी त्यातून निथळून जाते, दिवसा तापलेला दगड रात्री ऊब देतो. पूर्वेकडची उष्ण हवा आणि वायव्येच्या अरण्यप्रदेशातली थंड हवा या खोऱ्यात भेटतात. दिवस तापतो, रात्र गारठते आणि द्राक्षांत गोडीबरोबर आंबटपणाही टिकतो. ग्रुनर वेल्टलिनर आणि रीसलिंग या इथल्या मुख्य जाती. उत्पादकांच्या ‘विनेआ वाखाउ’ या संघाने (स्थापना 1983) पांढऱ्या वाइनचे तीन दर्जे ठरवून त्यांना नावे दिली आहेत. सर्वांत हलकी ‘श्टाइनफेडर’ बांधांवर उगवणाऱ्या पिसासारख्या गवतावरून, मधली ‘फेडरश्पील’ ससाण्याच्या शिकारीवरून, सर्वांत भारी ‘स्मारागड’ बांधांवर ऊन खात पडणाऱ्या पाचूरंगी सरड्यावरून. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तोडणीत मळ्यांतल्या वाटांवर ट्रॅक्टरचाच मान पहिला. सायकलवाल्याने बाजूला व्हायचे.

मळे मुख्यतः उत्तर काठाला, कारण तिथले उतार दक्षिणेकडे तोंड करून आहेत. श्पिट्झ, वाइसेनकिर्खेन, ड्युर्नश्टाइन ही नावाजलेली गावेही तिकडेच. ड्युर्नश्टाइनच्या किल्ल्यात 1192-93 मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड पहिला कैदेत होता. विलेनडॉर्फला 1908 मध्ये लोहमार्गाचे काम चालू असताना 11 सेंमी. उंचीची प्रसिद्ध अश्मयुगीन स्त्रीमूर्ती सापडली. अर्थात मोटारी आणि पर्यटकांच्या बसगाड्याही याच काठाला जास्त. दक्षिण काठाला गर्दी कमी आणि जर्दाळूच्या बागा: एप्रिलच्या सुमारास पांढरा-गुलाबी फुलोरा, जुलैत रस्त्याकडेच्या टोपल्यांत फळे. शिवाय उत्तर काठाची सुंदर गावे दिसतात ती दक्षिण काठावरून. तेव्हा मेल्कहून दक्षिण काठाने निघावे, आर्न्सडॉर्फला नदी ओलांडून श्पिट्झला यावे आणि तिथून मळ्यांतून ड्युर्नश्टाइन गाठावे, हे उत्तम.

आर्न्सडॉर्फहून श्पिट्झला नेणारी ही नाव इंजिनावर चालत नाही. नदीवर आडवी, उंच पोलादी तार ताणलेली आहे. तिच्यावर फिरणाऱ्या कप्प्यांपासून दोन दोर नावेपर्यंत येतात. नावाडी सुकाणूने नाव प्रवाहाला किंचित तिरकी करतो. पाणी तिला खाली ढकलू पाहते, दोर खाली जाऊ देत नाहीत, मग ती बाजूला सरकू लागते. परतताना तोच कोन उलटा. गोव्याच्या फेरीबोटीत इंजिनाच्या धडधडीत बोलावे लागते. इथे वरच्या कप्प्यांची करकर आणि तळाखालच्या पाण्याचा आवाज एवढेच ऐकू येते. सायकली कठड्याला टेकवायच्या, शेजारी एखाददुसरी मोटारही असते.

दुपारच्या खाण्याला ‘हॉयरिगर’ म्हणजे मळेवाल्याच्या अंगणातली बाके. सम्राट दुसरा जोसेफ याने 1784 मध्ये शेतकऱ्यांना स्वतःचे उत्पादन स्वतः विकण्याची मुभा दिली, तिच्यातून ही पद्धत रुजली. दारावरच्या काठीला हिरव्या डहाळ्यांची जुडी टांगलेली असेल तर घर उघडे, नसेल तर बंद. मळेवाले पाळीपाळीने काही आठवडेच उघडतात. थाळ्या बहुधा थंड मांसाच्या. शाकाहारी माणसाचे भागते ते पाव, चीज आणि ‘लिप्टाउअर’ या पॅप्रिका घातलेल्या मऊ लाल चीजवर. वाइनमध्ये सोडा घालून पिण्याची इथे रीत आहे आणि सायकलस्वारांना ती सोयीची पडते, कारण ऑस्ट्रियात सायकल चालवणाऱ्यालाही मद्याची मर्यादा आहे: रक्तात हजारी 0.8.

नदी नेहमी अशी शहाणी नसते. 2002 आणि 2013 च्या पुरांत ही वाट पाण्याखाली होती. गावांतल्या घरांच्या भिंतींवर जुन्या पुरांच्या रेघा आणि साले कोरलेली दिसतात. काही रेघा सायकलस्वाराच्या डोक्याच्या वर आहेत. काही गावांनी पूर आला की उभारायच्या ॲल्युमिनियमच्या फळ्यांच्या भिंती करून ठेवल्या आहेत. एरवी त्या काढलेल्या असतात, त्यामुळे काठावरून नदी दिसते.

क्रेम्सनंतर खोरे पसरते आणि प्रवास थोडा कंटाळवाणा होतो. त्स्वेंटेनडॉर्फचे अणुवीज केंद्र बांधून तयार होते, पण 1978 च्या सार्वमतात अगदी थोड्या फरकाने विरोधाचा कौल आला आणि ते कधीच सुरू झाले नाही. सायकली त्याच्या जवळून जातात. टुल्न हे चित्रकार एगोन शीले याचे जन्मगाव. क्लोस्टरनॉयबुर्गच्या मठानंतर व्हिएन्नाची वस्ती सुरू होते आणि नदीतल्या 21 किमी. लांबीच्या कृत्रिम बेटावर वाट पुन्हा मोटारींपासून सुटते. बहुतेकजण इथे थांबतात, काही पुढे स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाकडे जातात. पासाउला परतायचे तर रेल्वे आहे; तिला तीन तासही लागत नाहीत, मात्र सायकलीची जागा आधी राखून ठेवावी लागते.