दख्खनचं पठार आणि दख्खन ट्रॅप: नावं शेजारची, सीमा वेगळ्या

भूगोलाच्या वहीत ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. महाराष्ट्रात तर ते साहजिकच आहे, कारण राज्याच्या साधारण चार-पंचमांश भूभागावर काळा बेसाल्ट पसरलेला आहे आणि त्यातला बराचसा भाग पठारावरच येतो. पण पठार म्हणजे उंचावरचा प्रदेश, भूरूप. ट्रॅप म्हणजे एका विशिष्ट काळात लाव्हा थिजून झालेला हा बेसाल्ट खडक. एक उंचीवरून ओळखायचं, दुसरं दगड हातात घेऊन.

हैदराबाद समुद्रसपाटीपासून 500 मीटरहून उंच, अगदी पठारावरचं शहर. तिथला खडक मात्र ग्रॅनाइट. हंपीचे ते प्रचंड गोल धोंडेही ग्रॅनाइटचेच, आणि बदामीची लेणी वालुकाश्मात कोरलेली. तिन्ही ठिकाणं पठारावर, तिन्ही ट्रॅपच्या बाहेर. उलट मुंबई समुद्रकाठी आहे, पठाराशी तिचा संबंध नाही. तरीही अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे उभे खांब ट्रॅपच्या काळातल्या बेसाल्टचे आहेत. नर्मदेपलीकडचा माळवा आणि पार पश्चिमेचा सौराष्ट्र यांच्यावरही ट्रॅप आहे.

वयातला फरक तर थक्क करणारा. पठाराच्या पायातले कर्नाटकातले काही नाइस खडक (प्रचंड उष्णता आणि दाबानं रूप बदललेले पट्टेदार खडक) 300 कोटी वर्षांहून जुने आहेत. ट्रॅपचा लाव्हा वाहिला सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी. भारताची भूपट्टी तेव्हा मादागास्करपासून सुटून वेगानं उत्तरेकडे सरकत होती आणि अजून आशियाला भिडली नव्हती. वाटेत ती आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्थानावरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्य वर येतं अशा जागेवरून, गेली. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, झाडं वाढली, बेडूक नांदले. मुंबईत अशा मधल्या थरांत बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत, आणि मला ट्रॅपच्या गोष्टीतला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. आज उरलेला ट्रॅप सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरचा आहे. मुळात तो याहून मोठा होता.

आता सह्याद्री. तो हिमालयासारखा दोन भूखंडांच्या टकरीतून वळ्या पडून उभा राहिलेला नाही. तो पठाराचा पश्चिमेकडचा कडा आहे. ट्रॅपनंतर थोड्याच काळात, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबानं थोड्या, सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटला आणि पश्चिम किनारा तयार झाला. मग झीज होत होत कडा पूर्वेकडे मागे सरकला. पठार पूर्वेला कललेलं आहे, म्हणूनच अरबी समुद्रापासून जेमतेम 80 किलोमीटरवर उगम पावणारी गोदावरी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. हा कडा गोव्याच्या दक्षिणेलाही तसाच पुढे जातो, पण तिथे त्याच्यात ट्रॅप नाही. उंची तीच, दगड वेगळा.

दोन्हींचं नातं नेमकं कसं आहे ते खोल विंधनविवरांनी दाखवलं. कोयना परिसरात बेसाल्ट संपून जुना ग्रॅनाइटी खडक लागला तो सुमारे 930 मीटरवर. किल्लारीत सुमारे 340 मीटरवर. म्हणजे हैदराबादेत उघडा दिसतो तशा प्राचीन खडकांचा पाया इथेही आहे, फक्त लाव्ह्याखाली झाकलेला. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप उगम पावला तो या झाकलेल्या पायात. वरचं बेसाल्ट पाहून तो ओळखता आला नसता.

खनिजांच्या बाबतीत हा फरक थेट पोटापाण्याचा होतो. बेसाल्टनं काळी माती दिली, अजिंठा-वेरूळचा पाषाण दिला. पण गडचिरोलीचं लोहखनिज, भंडाऱ्याचं मँगनीज आणि चंद्रपूरचा कोळसा हे सगळं ट्रॅपहून जुन्या खडकांतलं. पूर्व विदर्भात लाव्ह्याचं आवरण नाही किंवा झिजून गेलं आहे, म्हणून तिथे ते हाती लागलं. नागपुरात तर दोन्हींची सीमा शहराच्या आसपासच येते: सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, आणि थोडं पुढे कामठीकडे गेलं की गोंडवन काळातला, म्हणजे ट्रॅपच्या कितीतरी आधीचा वालुकाश्म.