पेशीचा सूर आणि पडद्यावरचे चित्र

काळोख्या दालनात मोठ्या पडद्यावर पाण्याच्या थेंबातले जीव पोहत आहेत आणि चहूबाजूंच्या स्पीकरमधून संथ, गूढ सूर येत आहेत, अशी मांडणशिल्पे आता कलादालनांत नवी राहिलेली नाहीत. त्यांतली बरीचशी देखणी असतात, परंतु आवाजाचा चित्राशी संबंध काय, असे विचारले तर उत्तर बहुधा 'वातावरणनिर्मिती' एवढेच मिळते. ते सूर काढून तिथे दुसरे वाजवले तरी पडद्यावरच्या पॅरामेशियम या एकपेशीय जीवाचे काही बिघडत नाही.

माध्यम-कलावंत ॲन नीमेट्झ आणि संशोधक अँड्र्यू पेलिंग यांनी २००४ साली 'द डार्क साइड ऑफ द सेल' या कलाकृतीसाठी याहून अवघड वाट धरली. पेलिंग त्या वेळी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जेम्स जिमझेव्स्की यांच्याबरोबर पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशींवर काम करत होते. ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपची अतिसूक्ष्म सुई एरवी पृष्ठभागावरून फिरवून त्याचा उंचसखलपणा टिपतात. येथे ती जिवंत पेशीच्या भित्तिकेवर एकाच जागी टेकवून ठेवली, तेव्हा पेशीच तिला वरखाली हलवत असल्याचे दिसले. सुई ज्या लवचीक पट्टीच्या टोकाला असते, तिच्या पाठीवरून लेझरचा किरण परावर्तित होत असतो. पट्टी हलली की किरण सरकतो, त्याच्या सरकण्याचा विद्युतसंकेत बनतो आणि तो संकेत वाढवून स्पीकरला दिला की ऐकू येतो. ग्रामोफोनची सुई ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात फारसे नवल वाटणार नाही.

नवल आहे ते आकड्यांत. भित्तिका सेकंदाला सुमारे ८०० ते १६०० वेळा कंप पावत होती, म्हणजे कंपनांचा सगळा पल्ला नेमका एका सप्तकाचा आणि माणसाच्या कानाला सहज झेपणारा होता. सूर खाली-वर न करता केवळ मोठा करणे पुरेसे होते. तापमान वाढवले की हा सूर चढत असे. पेशीचा चयापचय रोखणारे रसायन घातल्यावर तो थांबला. त्यामुळे पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी पेशी नुसती हेलकावत होती, असे म्हणता येत नाही. तरीही 'पेशी गाते' हे विधान सैलच म्हणावे लागेल. पेशीकडे असते ती हालचाल. आवाज तयार होतो स्पीकरमध्ये.

मांडणशिल्प करणाऱ्याची खरी पंचाईत यापुढे सुरू होते. या कंपनाचा विस्तार सुमारे ३ नॅनोमीटर आहे आणि साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरहून बारीक तपशील वेगळा दाखवता येत नाही. परिणामी स्पीकरमधून पेशीचा सूर घुमत असताना पडद्यावर तीच पेशी गोल मण्यासारखी निश्चल दिसते. संगणकावर तिला सुराच्या तालात डोलवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण माझ्या मते तो आवरावा. डोळ्याला न दिसणारी गोष्ट कानावर पडते आहे, ही विसंगतीच या कलाकृतीचा गाभा आहे.

पॅरामेशियमच्या बाबतीत अडचण उलटी असते. त्याच्या अंगावरचे केसासारखे तंतू सेकंदाला वीस-तीस वेळा फटकारे मारतात, तर साधा कॅमेरा सेकंदाला तीसच चित्रे घेतो. चित्रपटात धावत्या गाडीचे चाक उलटे फिरताना दिसते, तशीच फसगत येथे होते. सेकंदाला २४० चित्रे घेऊन ती तीसच्या गतीने दाखवली तर हालचाल आठपट संथ होऊन फटकारे स्पष्ट दिसतात. वीस फटकाऱ्यांचा ठोका मात्र जेमतेम कानावर येणारा. तो आठपट जलद केला की तीन सप्तके वर, १६० हर्ट्झवर जातो. डोळ्यासाठी काळ ताणायचा आणि कानासाठी आवळायचा, असे दोन्ही केले की चित्र आणि आवाज एकमेकांपासून सुटतात. त्यांतले कोणते राखायचे हे कलावंतालाच ठरवावे लागते.

सूक्ष्मदर्शक दालनातच ठेवून थेट चित्रण दाखवायचे असेल, तर आणखी एक पथ्य पाळावे लागते: तो आणि स्पीकर एका टेबलावर ठेवायचे नाहीत. चारशेपट मोठे केलेल्या चित्रात टेबलाची बारीकशी थरथरही चारशेपट होते. मग खर्जातला सूर लागला की पडद्यावरच्या पेशी खरोखरच तालात हलू लागतात आणि पाहणारे खूश होतात. हलत असते ते टेबल.