मुकादम (ग्रामीण विदर्भ)

मजुरांची टोळी जमवणारी, तिला कामावर नेणारी आणि तिच्या वतीने मालकाशी मजुरी ठरवणारी व्यक्ती. स्त्रियांच्या टोळीची प्रमुख ती मुकादमीण. नगरपालिका, वनखाते वा बांधकामावरील मुकादम हा नेमलेला माणूस असतो. खेड्यातल्या शेतीकामावरचा मुकादम मात्र कोणी नेमत नाही, त्यामुळे त्याला काढताही येत नाही. टोळी त्याच्यामागे येईनाशी झाली की त्याची मुकादमकी संपते. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या प्रकाराचाच विचार केला आहे.

शब्द मूळ अरबी ‘मुकद्दम’, म्हणजे पुढे ठेवलेला, अग्रभागीचा. चौदाव्या शतकात दिल्लीचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी याने अलाउद्दीन खलजीच्या महसूलव्यवस्थेच्या संदर्भात खूत आणि चौधरी या महसूल गोळा करणाऱ्या ग्रामीण प्रमुखांच्या जोडीने मुकद्दमांचा उल्लेख केला आहे. तेथे अर्थ उघडच गावचा प्रमुख असा आहे. मराठी कागदपत्रांत ‘मोकदम’ हा पाटलाचा पर्याय म्हणून येतो. गावचा प्रमुख ते मजुरांचा प्रमुख हे अर्थांतर कधी व कसे घडले, हा वादाचा मुद्दा आहे. एक मांडणी अशी की, वतनी अधिकार क्षीण झाले तसा शब्दही खाली घसरला. नागपूर प्रांताच्या बाबतीत ती काहीशी पटते. मालगुजारी गावांत, म्हणजे जेथे गावाचा महसूल भरणारा मालगुजार हाच मालक असे तेथे, ‘मुकद्दम’ ही संज्ञा 1881 च्या मध्य प्रांत जमीन महसूल कायद्यातही टिकून होती. मालगुजार स्वतः गावात राहत नसेल तर त्याच्या वतीने मुकद्दम-गुमास्ता काम पाहत असे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तो अर्थ व्यवहारातून गेला. परंतु वऱ्हाडात रयतवारी (शेतकऱ्याकडून थेट सारा घेण्याची पद्धत) होती, ब्रिटिश अमदानीत गावचा प्रमुख पाटीलच म्हणवला जाई, आणि तरीही मजुरांचा मुकादम तेथे तितकाच रुळलेला आहे. शिवाय अँग्लो-इंडियन शब्दांच्या 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात गावप्रमुख, जातीचा म्होरक्या, शिपायांच्या वा मजुरांच्या टोळीचा नायक हे सारे अर्थ शेजारीशेजारी दिले आहेत. तेव्हा हे अर्थ एकातून एक घसरत आलेले नसून ‘पुढचा माणूस’ या मूळ अर्थातून समांतर फुटले असावेत, असे मानणे अधिक सयुक्तिक. स्पॅनिशमध्ये हाच शब्द ‘अल्मोकादेन’ या रूपाने सैन्यातील नायकासाठी गेला, ही गोष्टही त्याला पूरक आहे.

पश्चिम विदर्भात मुकादमाची गरज मुख्यतः कपाशीच्या निंदणाला (तण काढण्याला) आणि वेचणीला पडते, पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानपट्ट्यात रोवणीला, म्हणजे भातलावणीला. निंदण रोजाने, वेचणी किलोवर आणि रोवणी पुष्कळदा हुंड्याने, म्हणजे एकरी ठराव करून होते. (येथील हुंड्याचा लग्नातल्या हुंड्याशी संबंध नाही.) या तीन पद्धतींप्रमाणे मुकादमाचे काम बदलते. किलोवर काम असले की जिचा हात चपळ तिला जास्त पैसे. मुकादमाने पाहायचे ते काट्याकडे. पहाटेच्या दवाने ओलसर कापूस वजनाला भरतो, म्हणून मालकाला उन्हं वर आल्यावरची वेचणी हवी असते आणि बायांना सकाळची. ही ओढाताण त्यानेच मिटवायची. रोजाच्या कामात प्रश्न वेगळा. सर्वांना मजुरी सारखी, हात मात्र सारखे नसतात. अशा वेळी जाणती मुकादमीण स्वतः कडेची पात (पिकाची ओळ) धरून कामाचा वेग ठरवते, मागे राहिलेल्या म्हातारीच्या पातीत चार खुरपी मारते, आणि मालक बांधावर आला की बोलायचे ते तीच बोलते. हुंड्यात एकराचा आकडा चुकला तर तोटा सगळ्या टोळीचा. बांधी (धानाचे बांध घातलेले शेत) पाहून किती हातांचे काम आहे हे सांगता येणे ही तेथील खरी परीक्षा असते.

मुकादमकी वारसाने क्वचित येते. साधारणतः आठ-दहा हंगाम टोळीत काम केलेली, हिशेब तोंडी राहणारी आणि दोन वस्त्यांत ऊठबस असलेली व्यक्ती हळूहळू त्या जागी सरकते. बोलघेवडेपणा लागतोच असे नाही. सामाजिक प्रभावाचा विचार करताना अभ्यासक वक्तृत्व, जात, नातेगोते यांना महत्त्व देतात. जात आणि नाते नाकारण्याजोगे नाहीत, टोळ्या बहुधा एकाच मोहल्ल्यातून उभ्या राहतात. तथापि टोळी टिकते ती मजुरी वेळेवर मिळण्यावर. बाजाराच्या दिवशी मजुरी देण्याची जुनी रीत आहे. त्या दिवशी मालकाकडून पैसे निघाले नाहीत तर पदरचे घालून बायांचा बाजार करून देणारा मुकादम पुढच्या हंगामात टोळी घेऊन उभा राहतो. निर्णायक गोष्ट हीच दिसते.

मराठवाड्यातील ऊसतोडीच्या मुकादमाशी त्याची गल्लत करू नये. तेथे कारखान्याची उचल (आगाऊ रक्कम) मुकादमामार्फत कोयत्यांना, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या जोडप्यांना, मिळते आणि ती फिटेपर्यंत जोडपे बांधलेले राहते. रोज संध्याकाळी घरी परतणाऱ्या टोळीवर अशी पकड बसत नाही. फार तर विसार म्हणून थोडी रक्कम दिली जाते. सालदाराचे (वर्षाच्या कराराने ठेवलेल्या गड्याचे) साल गुढीपाडव्याला ठरते नि पाडव्यालाच संपते, मुकादमाला तेवढीही मुदत नसते.

तेंदूपानांच्या हंगामातील फळीवरचा (पाने गोळा करण्याच्या जागेवरचा) मुन्शी हाही मुकादम नव्हे. 70 पानांचा पुडा मोजून घेणारा तो कंत्राटदाराचा माणूस असतो. रोजगार हमीच्या कामावरील मेट, म्हणजे मजुरांच्या गटावर देखरेख ठेवणारा, या दोघांच्या मधल्या जागी बसतो. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा 1977 चा, केंद्राचा 2005 चा. केंद्राच्या कायद्याखालील कामांवर हजेरी मेटच्या हाती राहिली. मजुरी बँक खात्यात जाऊ लागल्यावर पैसे अडवण्याची वा पदरचे देण्याची सोय उरली नाही, आणि 2023 पासून मोबाइलवर छायाचित्रासह हजेरी सक्तीची झाल्यावर मेटच्या कामात लिखापढी वाढली. गावात आधीपासून मुकादमीण असलेल्या बाईला मेट केले तर कामावर माणसे लवकर जमतात, हे खरे. पण नेमणुकीला शिक्षण पाहिले जाते आणि ती मागे पडते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे वेगळी वाट दिसते. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या या गावात निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात, आणि त्याआधी अभ्यासगटात चर्चा होते. 2011 पासून बांबूची विक्रीही ग्रामसभेने हाती घेतली. तेथे मजुरीचा हिशेब ग्रामसभेपुढे येतो, तो एका माणसाच्या तोंडी राहत नाही.

अलीकडे मजूर नेणाऱ्या गाडीचा चालकच अनेक ठिकाणी मुकादम झाला आहे. दूरच्या शिवारात मजुरी जास्त मिळते, तिथवर पोहोचवणारे वाहन त्याचे असते, आणि कोणत्या गावात कोणाचा कापूस फुटला हे त्याला फोनवर आधी कळते. तो पात धरत नाही. दर माणशी ठरलेली रक्कम मालकाकडून घेतो आणि संध्याकाळपर्यंत बांधावर गाडीच्या सावलीत थांबतो. टोळीतल्या कामाचा वेग, भांडणे आणि काट्यावरची नजर जुन्या मुकादमिणीकडेच राहते, तिला मात्र वेगळे काही मिळत नाही.