पडद्यावरचं रोम कुठून आलं?

ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरावरचे माहितीपट पाहणाऱ्यांना एक दृश्य चांगलंच ओळखीचं असेल. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर लहान मूल, दोघंही प्लास्टरचे, राखाडी. मोठ्या माणसाच्या दंडात सोन्याचं कडं सापडलं होतं. कॅमेरा हळूहळू जवळ जातो, संगीत मंद होतं आणि निवेदक सांगतो की शेवटच्या क्षणीही आईनं लेकराला सोडलं नाही. या घराला ‘सोन्याच्या कड्याचं घर’ असंच नाव पडलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या प्लास्टरमधल्या हाडांच्या डीएनए तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ती आई नव्हती, बाईसुद्धा नव्हती. तो पुरुष होता आणि त्या मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं.

हे वाचल्यावर मला वाईट वाटलं. इतकी वर्षं आपण त्या ‘आई’साठी हळहळलो, आणि त्या खऱ्या माणसाची कुणी चौकशीच केली नव्हती. परक्या मुलाला जवळ घेऊन मेलेला हा माणूस कोण असेल? नोकर, शेजारी की वाटेत भेटलेला कुणी? रोमवरच्या माहितीपटांचा इतिहास पाहायचा तर याच प्लास्टरपासून सुरुवात करावी लागते, कारण कॅमेऱ्याचं काम तिथं फार आधीपासूनच सोपं होऊन बसलं होतं.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत माणसं गाडली गेली. राख घट्ट झाली, आतलं शरीर कुजून गेलं आणि तिथं माणसाच्या आकाराची पोकळी उरली. १८६३ मध्ये उत्खननाचे प्रमुख जुझेप्पे फिओरेल्ली यांनी अशा पोकळीत पातळ प्लास्टर ओतलं, ते सुकू दिलं आणि मग भोवतालची राख काढली. कपड्यांच्या चुण्या, आवळलेल्या मुठी, तोंडावर घेतलेला हात, सगळं जसंच्या तसं उमटलं. चित्रपटाचा शोध लागायला अजून तीसेक वर्षं होती, पण त्याला लागणारं दृश्य तयार होतं.

बाकीच्या रोमचं चित्र मात्र विसाव्या शतकात, राजकारणाच्या हाताखाली घडलं. मुसोलिनीच्या राजवटीत १९२४ मध्ये ‘लूचे’ ही सरकारी चित्रसंस्था उभी राहिली आणि तिचे वार्तापट इटलीभर चित्रपटगृहांत दाखवले जाऊ लागले. रोममधल्या कलोसियम या प्राचीन प्रेक्षागारापासून थेट मुसोलिनीच्या कचेरीपर्यंत जाणारा रुंद रस्ता २८ ऑक्टोबर १९३२ ला खुला झाला. त्यासाठी मध्ययुगीन वस्त्या पाडल्या, हजारो माणसांना घरं सोडावी लागली आणि प्राचीन चौकांचे अवशेषही पुन्हा डांबराखाली गेले. पडद्यावर मात्र दिसला तो एका बाजूला कलोसियम आणि समोर संचलन. आजही रोमवरचा एखादा माहितीपट त्याच रस्त्यावरून कलोसियमकडे सरकत जाणाऱ्या दृश्यानं सुरू झाला, की ती चौकट कुणी आणि कशासाठी आखली होती हे मला आठवतंच.

त्याच काळातली दुसरी गोष्ट म्हणजे वास्तुविशारद इतालो जिस्मोंदी यांची प्रतिकृती. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्या जन्माला दोन हजार वर्षं झाल्याच्या निमित्तानं १९३७ मध्ये मोठं प्रदर्शन भरलं. त्यासाठी त्यांनी चौथ्या शतकातलं रोम १:२५० या प्रमाणात प्लास्टरमध्ये घडवायला घेतलं आणि पुढं १९७१ पर्यंत ते त्यावर काम करत राहिले. हेतू प्रचाराचा होता, कारागिरी मात्र अस्सल. पुढं माहितीपटवाल्यांना ‘वरून दिसणारं रोम’ हवं झालं की ते इथंच येत. संगणकावर रोम उभारण्याचा ‘रोम रिबॉर्न’ हा प्रकल्प २००७ मध्ये लोकांसमोर आला, तेव्हा त्यासाठीही या प्रतिकृतीचं स्कॅनिंग झालं होतं. म्हणजे संगणकातल्या रोमच्या पायातही १९३० च्या दशकातलं प्लास्टर आहेच.

दूरचित्रवाणीवर पुरातत्त्व लोकप्रिय केलं ते ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी. हे नाव आपल्याकडं परकं नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक असताना १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला त्यांनी उत्खनन केलं आणि तिथं इटलीत बनलेली लाल चकचकीत भांडी मिळाली. पुढं १९५० च्या दशकात बीबीसीच्या एका कार्यक्रमात संग्रहालयातली एखादी वस्तू हातात घेऊन ती कुठली हे ओळखायचं, एवढाच खेळ असे. पण मिशांना पीळ देत बोलणाऱ्या व्हीलरना ब्रिटननं डोक्यावर घेतलं आणि १९५४ मध्ये ते तिथले वर्षाचे दूरचित्रवाणी व्यक्तिमत्त्व ठरले. जाणकारानं अवशेषात उभं राहून थेट प्रेक्षकांशी बोलायचं, ही पद्धत त्या काळात रुजली.

२००० मध्ये रोमवरचा ‘ग्लॅडिएटर’ हा चित्रपट गाजला आणि माहितीपटांची लाट आली. संगणकीय चित्रण आवाक्यात आलं होतं, त्यामुळं नट घेऊन प्रसंग उभे करणं नेहमीचं झालं. बीबीसीचा पॉम्पेईच्या शेवटच्या दिवसावरचा २००३ चा माहितीपट याचा नमुना. त्यात उद्रेकाची तारीख आहे २४ ऑगस्ट, तो उद्रेक डोळ्यांनी पाहिलेल्या धाकट्या प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्रांच्या हस्तलिखितांतून चालत आलेली. २०१८ मध्ये पॉम्पेईतल्या एका भिंतीवर कोळशानं लिहिलेली ओळ सापडली. तिच्यातली तारीख १७ ऑक्टोबरची निघते. कोळशाची अक्षरं फार दिवस टिकत नाहीत, म्हणून उद्रेक त्यानंतरचा, ऑक्टोबरमधला असावा असं आता बरेच अभ्यासक मानतात. ओळीत वर्ष नाही, म्हणून वाद मिटलेला नाही. त्या माहितीपटातला रणरणता उन्हाळा मात्र आता कायमचा तसाच राहणार. हरलेल्या ग्लॅडिएटरला अंगठा खाली करून ‘मारा’ म्हणणारी गर्दीसुद्धा अशीच रुळलेली आहे. तिचा पाया प्राचीन पुराव्यापेक्षा जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या चित्रात जास्त आहे.

वळण आलं ते सम्राटांकडून सामान्यांकडं. २०१० मध्ये प्राचीन रोमच्या अभ्यासक मेरी बिअर्ड यांनी बीबीसीसाठी केलेल्या माहितीपटात त्या पॉम्पेईजवळच्या ओप्लोन्टिसच्या तळघरात उतरल्या. तिथं ५४ सांगाडे सापडले होते. काहींच्या अंगावर दागिने आणि जवळ नाणी, काहींजवळ काहीच नाही. त्यांनी नट आणले नाहीत. हाडं हातात घेऊन काय खात होते, कशानं आजारी होते, हे त्या बोलत राहिल्या. मला हा बदल सगळ्यात मोलाचा वाटतो. २०२४ चा पॉम्पेईच्या नव्या उत्खननावरचा माहितीपटही याच वाटेनं गेला. शहराचा जवळपास तिसरा हिस्सा अजून जमिनीखाली आहे. तिथं खणताना निघालेली बेकरी, छत कोसळून त्याखाली मेलेली माणसं, हे सगळं खणणाऱ्यांच्या सोबतीनं दिसतं.

एका वस्तूला मात्र मी पाहिलेल्या माहितीपटांत जागा मिळालेली नाही. १९३८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. वीतभराहून थोडी उंच, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना लहान सेविका. तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, पण ती यक्षी असावी असं अनेक अभ्यासक म्हणतात. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या मूर्ती मिळाल्या त्या आपल्याकडं, जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात पैठण आणि तगरहून माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात येतो, अशी नोंद आहे. तेरची ती हस्तिदंती मूर्ती गावातल्याच संग्रहालयात आहे, जाऊन पाहता येते.