आधी बल्ली, मग बोल्ट

बाबा चंद्रपूरहून आमच्याकडे वाकडला आलेत, परवा त्यांना मेट्रोने मंडईला नेलं तर बाकी लोक सरकत्या जिन्यावर सेल्फी काढतायत आणि हे मान वर करून छत बघत उभे. तीस वर्षं अंडरग्राउंड कोळसा खाणीत टिंबर मिस्त्री होते, म्हणजे छताला लाकडाचे टेकू लावणारे, सवय जात नाही.

पुण्यात खाण म्हटलं की वाघोलीची खडी आठवते, म्हणून जरा मागचं सांगतो. आनंदवनामुळे जे वरोरा आपल्याला माहितीये तिथे १८७० च्या दशकातच सरकारी कोळसा खाण होती. विदर्भातल्या अंडरग्राउंड खाणींत मुख्य पद्धत बोर्ड अँड पिलर, म्हणजे कोळशातच गल्ल्या काढायच्या आणि मधे कोळशाचेच जाड खांब सोडायचे. गल्लीच्या छताला लाकडी बल्ल्यांचा टेकू, वर फळी आणि पाचर ठोकून घट्ट. जास्त वजन येतं तिथे ओंडके आडवे-उभे एकावर एक रचायचे, तो कॉग. शेवटी ते खांबही काढून घेतात आणि मागचं छत मुद्दाम पडू देतात, त्या पडक्या भागाला म्हणतात गोफ. सगळ्यात डेंजर काम तेच.

टेकू लावायच्या आधी छत ठोकून बघायचं. बाबांनी आमच्या हॉलमध्येच करून दाखवलं, स्टुलावर चढून डावा पंजा स्लॅबला टेकवला आणि उजव्या हाताने काठी मारली. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला किंवा पंजाला थरथर लागली तर थर सुटलाय, तो आधी पाडायचा. (वरच्या काकू विचारायला आल्या, काय झालं म्हणून.)

१९७३ ला खाणी सरकारी झाल्या, पुढे लाकूड महागलं, मिळेनासं झालं, मग लोखंडी प्रॉप आले आणि नव्वदच्या दशकात रूफ बोल्ट चांगलेच पसरले. बोल्टची आयडियाच वेगळी, खालून टेकू द्यायचाच नाही, छतातच साधारण दीड मीटर भोक पाडून सिमेंट किंवा रेझिनच्या कॅप्सूलने सळई आत बसवायची, खाली प्लेट आणि नट, म्हणजे सुटे थर एकमेकांना शिवल्यासारखे होतात आणि गल्लीही मोकळी राहते. माझ्या मते हा बदल बरोबरच होता, पण बाबांना अजून पटत नाही.

"बल्ली आधी करकर करते," ते म्हणतात, "तेवढ्यात माणूस पळते. बोल्ट काय सांगते?"

मंडईला त्यांनी एका खांबावर हळूच टिचकी मारली. गार्ड बघत होता, मी त्यांना पुढे ओढलं.